घरात मांजर, हॉलमध्ये चामड्याचा सोफा

चामड्याचा सोफा आणि मांजर एका घरात वर्षानुवर्षं नीट नांदू शकतात. त्यासाठी मांजराला ओरडावं लागत नाही, त्याला खोलीत कोंडावं लागत नाही आणि सोफ्यावर कायमचं प्लास्टिक घालून बसावंही लागत नाही. मांजर सोफ्यावर नेमकं काय करतंय ते आधी ओळखायचं, त्या कामासाठी त्याला सोफ्याहून चांगली जागा द्यायची आणि मग सोफा झाकायचा. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो. आधी सोफ्याला चिकटपट्ट्या लागतात, मग पाण्याचा फवारा बाहेर येतो. नखं घासायला दुसरी जागाच नसल्यामुळे मांजर सोफ्याचा एक कोपरा सोडून दुसऱ्याकडे वळतं आणि घरातले म्हणतात, ऐकतच नाही.

पहिल्यांदाच मांजर आणणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. मांजर आधीपासून आहे आणि आता चामड्याचा सोफा घ्यायचा विचार चाललाय, त्यांनाही शेवटचा भाग उपयोगी पडेल.

ओरखडे नीट बघा

संध्याकाळी दिवे मालवून मोबाइलचा टॉर्च सोफ्यावर तिरका धरा. दिवसा न दिसणारे ओरखडे स्पष्ट दिसतील. ते कुठे आहेत आणि कसे आहेत यावरून पुढचं सगळं ठरतं.

सोफ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर, हाताच्या बाजूला किंवा पाठीमागे, जमिनीपासून एक-दोन फुटांवर उभ्या समांतर रेषा असतील, धागे किंवा तुसं बाहेर आली असतील, तर मांजर तिथे नखं घासतंय. ही खोडी नव्हे, त्याची गरज आहे. मांजराच्या नखाचं बाहेरचं टरफल जुनं झालं की सुटतं आणि खालून नवं टोकदार नख निघतं. घासल्याशिवाय ते टरफल नीट सुटत नाही. घरात कुठेतरी चंद्रकोरीसारखी पोकळ टरफलं सापडली तर ती हीच. पंजाच्या गादीजवळ गंधग्रंथी असतात, त्यामुळे घासता घासता मांजर तिथे आपला वासही ठेवून जातं. शिवाय झोपेतून उठल्यावर पाठ आणि खांदे ताणायला त्याला काहीतरी घट्ट, न हलणारं धरावं लागतं. सोफ्याचा कोपरा या तिन्ही गोष्टींसाठी उत्तम असतो: जड, उंच आणि घराच्या मध्यावर.

दुसऱ्या प्रकारचे ओरखडे बैठकीवर आणि पाठीच्या वरच्या कडेवर असतात. आखूड, आकड्यासारखे, कधी नुसती टोचलेली छिद्रं, कधी एकाच दिशेने गेलेल्या दोन-तीन छोट्या रेघा. हे उडी मारताना मागच्या पायांच्या नखांनी होतात. मांजर चामड्यावर काही करायला आलेलंच नसतं, त्याला पलीकडे जायचं असतं. नखं घासायचा खांब कितीही चांगला आणलात तरी हे ओरखडे थांबणार नाहीत. इतका साधा फरक, पण तो न पाहिल्यामुळे लोक पैसे भलत्याच वस्तूवर घालवतात.

तिसरा प्रकार सौम्य असतो. मांजर रोज झोपतं त्या जागी सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं दिसतात. झोपण्याआधी ते पुढच्या पायांनी कणीक मळल्यासारखं करतं, त्याची ही खूण. त्या जागेवर एक जाड चादर टाकली की हा प्रश्न तिथेच संपतो.

सोफा खरोखर कशाचा आहे?

आपल्याकडे दुकानात सरसकट ‘लेदर सोफा’ म्हणतात, पण त्यात पाच-सहा वेगवेगळ्या वस्तू येतात आणि प्रत्येकीची काळजी वेगळी असते.

गादीची चेन उघडा किंवा सोफा तिरका करून खालच्या शिवणीत डोकावून बघा. मागच्या बाजूला कापडाची विण दिसली तर ते रेक्झीन किंवा पीयू (कापडावर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा लेप) आहे. तंतुमय, मखमलीसारखी खरबरीत पाठ दिसली तर चामडं आहे. बाँडेड लेदर म्हणून जे मिळतं ते चामड्याच्या भुशात पॉलियुरेथेन मिसळून कापडावर थापलेलं असतं. मांजराने एक नख लावलं की त्याची पापुद्र्यासारखी सालं निघतात, आणि ती परत बसवता येत नाहीत. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत पीयू आणि बाँडेड लेदर मांजर नसतानाही काही वर्षांत सोलवटतं, कारण ओलावा त्या थराचे रासायनिक बंध तोडतो. अशा सोफ्यावर दुरुस्तीचा खर्च करण्यात अर्थ नाही. चांगलं कव्हर शिवून घ्या आणि तो संपेपर्यंत वापरा.

खरं चामडं असेल तर न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मोत्यासारखा तसाच राहिला तर चामड्यावर रंगाचा आणि संरक्षक लेप आहे. थेंब आत शिरून डाग गडद झाला तर ते ॲनिलीन चामडं आहे, म्हणजे वर लेप नसलेलं किंवा अगदी पातळ असलेलं. ते स्पर्शाला फार सुंदर लागतं, पण त्यावर ओरखडा, तेल, लघवी सगळं लगेच बसतं. नबक, म्हणजे वरचा थर घासून मखमली केलेलं चामडं, मांजराच्या घरात सगळ्यात नाजूक.

आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा आपणहून सांगत नाहीत. पुष्कळ सोफ्यांत बैठक आणि पाठीचा पुढचा भाग तेवढा चामड्याचा असतो. बाजू आणि मागचा भाग त्याच रंगाच्या रेक्झीनचा असतो. मांजर नखं घासतं ते नेमकं बाजूला आणि मागे. त्यामुळे चामड्याचा म्हणून घेतलेल्या सोफ्यात पहिल्यांदा फाटतं ते रेक्झीन. दुरुस्तीच्या वेळी हे माहीत असलं की खर्च बराच कमी होतो, कारण तो एक तुकडा बदलून मिळतो.

नखं घासायची जागा

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. बाकीचं सगळं यावर उभं आहे.

बाजारात मिळणारे बरेचसे खांब फार छोटे असतात. दीड फुटाचा, वर पिसाचा गोंडा लटकवलेला खांब पिल्लासाठी ठीक. मोठं मांजर मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणलं की त्याचे पुढचे पंजे पाऊण मीटरच्या वर पोचतात. म्हणून खांब किमान तीन फूट हवा. उंचीइतकंच महत्त्वाचं, तो हलता कामा नये. विकत घेताना वरच्या टोकाला हाताने जोरात ओढून पाहा. डुगडुगला तर घेऊ नका. चार-पाच किलोचं मांजर त्याला पूर्ण वजनाने लटकणार असतं, आणि एकदा का खांब अंगावर आला की ते पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही.

मला विचाराल तर सुताराकडून करून घ्यावा. स्वस्त पडतो आणि दहा वर्षं टिकतो. तीन इंच जाडीचा चौकोनी लाकडी खांब, उंची तीन फूट, कडा रंध्याने किंचित गोल केलेल्या. खाली दोन फूट बाय दोन फूट, १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड. खांब खालून चार लांब स्क्रूंनी घट्ट बसवायचा. प्लायवर कडप्प्याचा एखादा तुकडा ठेवला तर तो तसूभरही हलत नाही. स्वयंपाकघराच्या ओट्याचं काम झालेलं असेल तर असा तुकडा घरात पडलेला असतोच.

खांबावर दोर गुंडाळायचा. सगळ्यात चांगला घायपाताचा. दुकानात सायझल म्हणून मागितला की कळतं. आठ मिलिमीटर जाडीचा दोर अडीच फूट उंचीवर घट्ट गुंडाळायला ३० ते ३५ मीटर लागतो, म्हणून आणतानाच पुरेसा आणा, मध्ये जोड नको. वेटोळी एकाला एक चिकटून यायला हवीत. दर दहा-बारा वेढ्यांनंतर लाकडी हातोडीने ठोकून खाली दाबा. सुताराचा पांढरा गोंद दोन्ही टोकांना आणि अधूनमधून पुरतो. टोकं खिळ्यांनी पक्की करा आणि खिळ्यांची डोकी दोरात पूर्ण बुडालेली आहेत ना हे बोट फिरवून बघा. काथ्याचा दोरही चालतो. तो जास्त खरखरीत असतो, तुसं सांडतात, पण काही मांजरांना तोच आवडतो. सुतळी लवकर झिजते आणि पुष्कळदा तिला तेलाचा वास असतो, त्यामुळे तो शेवटचा पर्याय.

सगळी मांजरं उभंच घासतात असं नाही. काही सतरंजीवर, पायपुसण्यावर, आडवं घासतात. तुमचं मांजर तसं असेल तर पुठ्ठ्याचा स्क्रॅचर द्या. घरीही होतो: जाड खोक्यांचा पुठ्ठा तीन-तीन इंचांच्या पट्ट्यांत कापा, आतली पन्हळं वर दिसतील अशा उभ्या ठेवा आणि आंब्याच्या रिकाम्या पेटीत ठासून भरा. वरची बाजू झिजली की पट्ट्या काढून उलट्या भरायच्या. पेटी लाकडी असेल तर खिळे आणि पिना आधी काढून टाका.

आता जागा. हौसेने आणलेला खांब आपण गॅलरीत किंवा कोपऱ्यातल्या खोलीत ठेवतो, कारण हॉलमध्ये तो बरा दिसत नाही. मांजर मग त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. आपला वास ते घराच्या मोक्याच्या ठिकाणी ठेवतं: जिथे माणसं बसतात, जिथून येणं-जाणं होतं, जिथे ते झोपून उठतं. म्हणून खांब सोफ्याच्या ज्या कोपऱ्यावर ओरखडे आहेत त्याच्या अगदी समोर, कोपऱ्याला जवळजवळ टेकवून ठेवा. महिनाभर मांजर नियमितपणे खांबच वापरतंय अशी खात्री पटली की रोज चार बोटं सरकवत हव्या त्या जागी न्या. एकदम उचलून दुसरीकडे ठेवलात तर ते परत कोपऱ्याकडे जाईल. माझं मत विचाराल तर सरकवूच नये. हॉलमध्ये एक खांब दिसला तर काही बिघडत नाही.

मांजराचे पंजे धरून खांबावर घासून दाखवू नका. पंजे धरलेले बहुतेक मांजरांना आवडत नाहीत आणि मग खांबाचीच भीती बसते. त्याऐवजी दोरीला बांधलेलं खेळणं खांबावरून वर-खाली फिरवा. झडप घालताना नखं दोरात रुततात आणि ती जाणीव त्याला आवडते. तुम्ही स्वतः नखांनी खांब खरवडा, त्या आवाजानेही ते येऊन पाहतं. सुका कॅटनिप (वासाने मांजरांना भुरळ घालणारी वनस्पती) दोरावर चोळला तर बऱ्याच मोठ्या मांजरांना ओढ लागते. काहींना उपजतच त्याचं काही वाटत नाही आणि लहान पिल्लांवरही परिणाम होत नाही, तेव्हा तुमचं मांजर थंड राहिलं तर काळजी नको. खांब वापरला की लगेच, तिथल्या तिथे, आवडीचा छोटा खाऊ द्या. दोन मिनिटांनी दिलेला खाऊ कशासाठी होता हे त्याला कळत नाही.

दोर विस्कटला, खांब ओंगळ दिसू लागला म्हणून फेकू नका. मांजराच्या लेखी तो आता खरा त्याचा झालेला असतो. दोर अगदीच तुटला तर अर्धा भाग नवा गुंडाळा, अर्धा जुना राहू द्या. दोन मांजरं असतील तर किमान तीन जागा हव्यात, आणि त्या एकमेकींपासून लांब, म्हणजे एक मांजर दुसऱ्याची वाट अडवणार नाही.

उडीचा रस्ता बदला

बैठकीवरच्या आणि पाठीवरच्या ओरखड्यांसाठी एक दिवस मांजर कुठून कुठे जातं ते बघा. शहरातल्या फ्लॅटमध्ये बहुतेक वेळा उत्तर एकच निघतं: सोफा खिडकीखाली असतो आणि खिडकीबाहेर कबुतरं. कबुतर फडफडलं की मांजर बैठकीवरून पाठीवर आणि पाठीवरून खिडकीच्या कट्ट्यावर झेप घेतं. झेप घेताना सगळा जोर मागच्या पायांत असतो आणि तेव्हाच नखं चामड्यात रुततात.

सोफा खिडकीपासून दोन-तीन फूट लांब सरकवा आणि त्या फटीत खिडकीपर्यंत जाणारी दुसरी पायरी द्या: एखादं स्टूल, बुटकं कपाट किंवा भिंतीत ठोकलेली एक फळी. वर सतरंजीचा तुकडा लावला की पाय घसरत नाही आणि मांजर आपणहून तोच रस्ता धरतं. खिडकीला मजबूत जाळी आहे ना हेही याच वेळी तपासा. कबुतरामागे झेपावलेलं मांजर वरच्या मजल्यावरून पडण्याचे प्रकार शहरांत होतात.

धावपळीचं दुसरं कारण म्हणजे न वापरली गेलेली ताकद. मांजराच्या शिकारीच्या वेळा पहाट आणि तिन्हीसांजा. त्या वेळी दहा-पंधरा मिनिटं दोरीच्या खेळण्यामागे मनसोक्त पळवलं आणि लगेच खायला दिलं तर रात्री सोफ्यावरून घोडदौड पुष्कळ कमी होते. दोरीचं खेळणं खेळ संपल्यावर कपाटात ठेवा, मांजरं दोरा गिळतात.

नखं कापणं

दर दोन-तीन आठवड्यांनी नखांची टोकं कापली तर उडीचे ओरखडे एकदम उथळ होतात. नखं घासणं यामुळे थांबत नाही, फक्त नुकसान कमी होतं.

मांजर जेवून सुस्तावलेलं असताना मांडीवर घ्या. पंजा हातात धरून गादीवर अंगठ्याने आणि वर बोटाने हलकेच दाबलं की आतलं नख बाहेर येतं. उजेडात नखाच्या आत गुलाबी भाग दिसतो. तिथे रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात. त्याच्या बरंच पुढे, फक्त वळलेलं टोक कापायचं. पुढच्या प्रत्येक पायाला पाच नखं असतात, मागच्या प्रत्येकाला चार. पुढच्या पायाचं आतल्या बाजूचं, जरा वर असलेलं पाचवं नख विसरू नका. ते जमिनीला लागत नाही, त्यामुळे झिजत नाही आणि म्हाताऱ्या मांजरांत गोल वळून गादीत रुततं. एका बैठकीत दोन-तीनच नखं झाली तरी चालेल, उरलेली उद्या. मांजर वैतागायच्या आत थांबलात तर पुढच्या वेळी ते पळून जात नाही. चुकून रक्त आलंच तर थोडं कॉर्नफ्लॉवर लावून काही मिनिटं दाबून धरा.

पिल्लू घरात आल्यापासून रोज पंजे नुसते हातात घेऊन सोडायची सवय लावली तर हे काम आयुष्यभर सोपं जातं.

नखांवर गोंदाने चिकटवायच्या मऊ टोप्याही मिळतात. त्या साधारण चार ते सहा आठवडे टिकतात आणि नख वाढलं की गळून पडतात. पूर्णपणे घरात राहणाऱ्या शांत मांजरालाच लावाव्यात, आणि पहिली वेळ पशुवैद्यांकडून. बाहेर जाणाऱ्या मांजराला कुत्र्यापासून वाचायला झाडावर चढावं लागतं. त्याला टोप्या अजिबात नकोत.

शस्त्रक्रियेने नखं कायमची काढता येतात असं कोणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. त्यात नख नव्हे, बोटाचं शेवटचं हाडच कापलं जातं. मांजराला जन्मभर दुखऱ्या पायावर चालावं लागू शकतं, आणि वाळू टोचते म्हणून ते लघवी-शी बाहेर करू लागतं असंही होतं. अनेक देशांत यावर बंदी आहे, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने ती २०१९ मध्ये घातली. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याचा अवयव असा छाटणं ही क्रूरता ठरते.

सोफा झाकायचा तो असा

खांब रुळेपर्यंत ओरखड्यांचा कोपरा मांजराला नकोसा वाटला पाहिजे. आधी तो कोपरा किंचित ओलसर, स्वच्छ कापडाने पुसून घ्या, म्हणजे जुना वास कमी होईल. मग त्यावर गुळगुळीत काहीतरी घाला. दुहेरी चिकटपट्टी मांजराला खरोखर आवडत नाही, पण ती थेट चामड्यावर लावू नका. काढताना वरचा रंग सोबत येतो. कोपऱ्यावर कापडाची पट्टी बांधून तिच्यावर चिकटपट्टी लावा. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागदही काही आठवडे कामी येतो.

बैठकीसाठी सोलापुरी चादरीला तोड नाही. विण घट्ट, कापड जाड, धुवायला सोपी, आणि नखांची टोकं सहजी खालपर्यंत जात नाहीत. टर्किश टॉवेल टाकू नका. त्याच्या फाशांत नखं अडकतात आणि मांजराला वाटतं की ही घासायचीच जागा आहे. चादर बैठकीच्या फटीत नीट खोचा. सैल चादर पाय लागून सरकते आणि मग तीच चादर सोडवताना मांजर चामडं ओरबाडतं.

पारदर्शक प्लास्टिकची कव्हरं पावसाळ्यात घालू नका. त्यांच्याखाली ओल कोंडते आणि आठवड्याभरात पांढरी बुरशी धरते. उन्हाळ्यात ती चामड्याच्या लेपाला चिकटतात.

ओरडणं, मारणं, पाण्याचा फवारा यांचा काहीच उपयोग होत नाही. मांजर यातून एवढंच शिकतं की तुम्ही खोलीत असताना सोफ्याला हात लावायचा नाही. वर ते घाबरलेलं राहतं आणि घाबरलेलं मांजर जास्त घासतं, कारण आपल्या वासाची खूण हाच त्याचा धीर असतो.

हे सोफ्यावर लावू नका

घरगुती उपायांत लिंबाचा रस, व्हिनेगर, मिरपूड, निलगिरी तेल, डांबराच्या गोळ्या अशा कितीतरी गोष्टी सुचवल्या जातात. यातल्या काही चामड्याला वाईट आहेत, काही मांजराला विषारी, काही दोन्ही.

फिनाईल, आणि पाण्यात टाकल्यावर पांढुरकी होणारी फिनॉलवर्गीय जंतुनाशकं मांजराच्या घरात वापरूच नयेत, सोफ्यावरही नाही आणि लादीवरही नाही. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी रसायनं नीट निचरून टाकता येत नाहीत. लादी पुसली, मांजर त्यावरून चाललं आणि नंतर पंजे चाटले, एवढ्यानेही विषबाधा होऊ शकते. निलगिरी, टी ट्री, संत्र्या-लिंबाच्या सालीचं अर्कतेल, डांबराच्या गोळ्या यांचंही तसंच. तिखट-मिरपूड नाका-डोळ्यांत जाते. मांजराला ती कशासाठी टाकली आहे हे कळत नाही, नुसती आग होते.

चामड्याच्या बाजूने बोलायचं तर ते स्वभावतः किंचित आम्लधर्मी असतं. साबण, खायचा सोडा यांसारखे अल्कधर्मी पदार्थ ते हळूहळू कोरडं आणि ठिसूळ करतात. खोबरेल तेल बरेच जण प्रेमाने चोळतात. तेल आत शिरून डाग गडद होतो, काही दिवसांनी खवट वास येतो आणि धूळ बसते. बुटाचं पॉलिश कपड्यांना लागतं. फर्निचरच्या चामड्यासाठी बनवलेलं क्रीम वर्षातून दोन-तीनदा, लपलेल्या जागी आधी लावून बघून, पातळ हाताने. लावल्यावर पूर्ण सुकेपर्यंत मांजराला त्या खोलीत येऊ देऊ नका, ते चाटून बघणारच.

सोफ्यावर लघवी केली तर

टिपकागदाने किंवा जुन्या सुती कापडाने लगेच टिपा. घासू नका, घासलं की ती शिवणीत शिरते. मग स्वच्छ पाण्यात पिळलेल्या कापडाने पुसा आणि पाळीव प्राण्यांसाठी मिळणारा एन्झाइमचा क्लीनर, कोपऱ्यात तपासून, वापरा. गादीची चेन असेल तर आतला फोम बाहेर काढा. फोम भिजला असेल तर क्लीनर त्यातही मुरू द्या आणि पंख्याखाली वाळवा. चामडं कडक उन्हात ठेवू नका. अमोनिया असलेले क्लीनर वापरू नका. मांजराच्या लघवीच्या वासाशी तो वास जुळतो आणि ते पुन्हा तिथेच येतं.

मग कारण शोधा. मांजरं जितकी, त्याहून एक वाळूचा ट्रे जास्त हवा आणि रोज साफ व्हायला हवा. बोक्याची नसबंदी झाली नसेल तर तो वयात आल्यावर उभ्याने फवारे मारू शकतो. पाच-सहा महिन्यांच्या सुमारास पशुवैद्यांशी बोलून ठेवा. आणि एक फार महत्त्वाचं: बोका ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसतोय, कुंथतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर सोफा विसरून त्याच तासाला दवाखाना गाठा. मूत्रमार्ग अडकला असेल तर ते एक-दोन दिवसांतही जिवावर बेतू शकतं.

झालेलं नुकसान

तुसं निघाली असतील तर ओढू नका, नखांच्या कात्रीने चामड्याला लागून कापा. ॲनिलीन चामड्यावरचा उथळ ओरखडा स्वच्छ बोटाने जरा जोर देऊन चोळला तर बोटाच्या उष्णतेने आतलं तेल-मेण सरकून बराचसा बुजतो. उरलेल्यावर क्रीम. लेपाच्या चामड्यावर रंग गेलेली रेघ असेल तर जुळत्या छटेचा चामड्याचा रंग स्पंजने, एकावर एक पातळ हात देत लावावा. छिद्र पडलं असेल तर कापडाचा छोटा तुकडा चिमट्याने आत सरकवून लवचीक गोंदाने मागून चिकटवतात, वर फिलर आणि मग रंग. हे घरी जमतं, पण सोफ्याच्या मध्यावर पहिला प्रयोग नको.

कोपराच गेला असेल तर सोफा बनवणाऱ्या कारागिराला बोलवा. तो बाजूचा तेवढाच तुकडा उसवून नवा शिवतो. जुळणारं चामडं मुंबईत धारावीच्या बाजारात शोधता येतं. जाताना सोफ्याखालच्या शिवणीतून कापलेला नमुना सोबत न्या, मोबाइलमधल्या फोटोत छटा नीट येत नाही. मात्र ही दुरुस्ती मांजर खांब वापरायला लागल्यावरच करा.

नवा सोफा घेणार असाल तर

लेप असलेलं, बारीक दाण्याचं किंवा मुळातच थोडं खरखरीत पोताचं, मध्यम तपकिरी चामडं घ्या. त्यावर बारीक रेघा मिसळून जातात. काळ्या आणि पांढऱ्यावर प्रत्येक रेघ उठून दिसते. बाजू आणि पाठही चामड्याचीच आहे का हे विचारा आणि तसं बिलावर लिहून घ्या. गादी घट्ट ताणून बसवलेली असावी. सैल, सुरकुत्या पडणाऱ्या चामड्यात नख सहज अडकतं. सोफ्याखाली पाय उंच असतील तर मांजर खाली लोळून तळाचं कापड फाडणार नाही असं नाही, पण तिथे तुमचा हात तरी पोचतो.

आणि खांब सोफ्याच्या आधी घरात येऊ द्या. सोफ्याची नेमकी जागा ठरवून, त्याच्या कोपऱ्याशी येईल अशा ठिकाणी महिनाभर आधी उभा करा. सोफा येईल तेव्हा मांजर नव्या वासाने दोन दिवस त्याच्याभोवती फिरेल, हुंगेल, गाल घासेल. गाल घासू द्या, त्यातून ते सोफ्याला आपलं म्हणतं आणि चामड्याला काहीही होत नाही.